राणीछाप रुपयाची खरी किंमत शोधणारे बाबासाहेब

दिवाळीला मामाकडे रनाळ्याला गेलो होतो. रनाळे म्हणजे नंदुरबार आणि दोंडाईचाच्या मधलं गाव. घराची आवराआवर चालू होती आणि आजीच्या जुन्या पेटीच्या तळाशी एक फडकं सापडलं. गाठ सोडली तर आत अकरा रुपये. चांदीचे.

पुढचा अर्धा तास घरात काय झालं असेल ते तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यांनी मोबाईल काढले. राणीछाप नाणं असेल तर दहा लाख, अमुक साल असेल तर थेट करोड, असं सांगणारे रील्स एकामागून एक सुरू झाले. मामेभावाने तर नवी बुलेट कुठल्या रंगाची घ्यायची तेही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात सराफाकडे. त्याने एकेक नाणं काचेवर टाकून वाजवलं, साल बघितलं, काट्यावर ठेवलं आणि सांगितलं की ही साधी नाणी आहेत, बाजारात पोत्याने आहेत. मोडीचा भाव मिळेल, त्यातून घट जाईल. बुलेट गेली.

पण परत येताना माझ्या डोक्यात तो मोड शब्द अडकला. आपल्याकडे दागिना विकत नाहीत, मोडतात. म्हणजे त्यावरची घडणावळ, नक्षी, आठवण सगळं शून्य, उरते फक्त धातूची किंमत. आता नाण्यावर तर सरकारचा छाप असतो. मग छापाची किंमत खरी की धातूची? आणि या दोन किमतींमध्ये जो फरक पडतो तो कुणाच्या खिशातून जातो?

या प्रश्नावर एका माणसाने १०० वर्षांपूर्वी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अख्खा प्रबंध लिहिला होता. त्या माणसाचं नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेब म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, चवदार तळं आठवतं, दीक्षाभूमी आठवते. पण त्यांचं मूळ शिक्षण अर्थशास्त्राचं, आणि त्यातही त्यांचा खास विषय होता आपल्या पेटीत निघाला तोच चांदीचा रुपया. त्यामुळे आज त्यांचं आयुष्य त्या अकरा नाण्यांच्या सालांवरून बघू. आमच्याकडे चार प्रकारची साल होती. १८६२, १९०७, १९१८ आणि १९४४.

आधी १८६२ चं. हे व्हिक्टोरिया राणीचं. बाबासाहेबांचा जन्म व्हायला अजून २९ वर्षं होती, पण हे नाणं समजलं नाही तर पुढचं समजणार नाही.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या हिशोबात ११.६६ ग्रॅम. त्यातली शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. बाकी भेसळ, नाणं टिकावं म्हणून. राणीच्या रुपयालाही हेच माप राहिलं. तुमच्याकडे असं नाणं असेल तर हिशोब सोपा आहे. चांदीचा भाव किलोला एक लाख रुपये धरला, तर एका नाण्यात साधारण १,०७० रुपयांची चांदी निघते. भाव जो असेल त्याप्रमाणे कमीजास्त करा.

त्या काळात महत्त्वाची गोष्ट अशी होती की टाकसाळ सगळ्यांना खुली होती. कुणीही चांदी घेऊन जायची, थोडी घडणावळ द्यायची आणि रुपये पाडून आणायचे. त्यामुळे रुपया आणि रुपयातली चांदी यांच्या किमतीत फार अंतर पडायचंच नाही. आजीच्या आजीने पायातले तोडे मोडले काय आणि रुपये खर्च केले काय, जवळपास एकच.

आणि १८६२ चंच साल इतकं का सापडतं? एक तर या सालाचा ठसा पुढे कित्येक वर्षं तसाच वापरला गेला. दुसरं म्हणजे तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागत होता. मुंबई बंदरातून कापूस गेला आणि बदल्यात चांदी आली. खानदेश तर कापसाचाच मुलूख.

मग १८७० नंतर गडबड सुरू झाली. जर्मनी सोन्याच्या चलनावर गेला, मागोमाग युरोपातले बाकीचे देश गेले आणि चांदीचा भाव जगभर घसरला. जो रुपया जवळपास दोन शिलिंगांना जायचा, तो २० वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. सरकारला इंग्लंडला दरवर्षी पौंडात पैसे पाठवावे लागायचे, त्यामुळे त्याचं कंबरडं मोडायला लागलं. शेवटी जून १८९३ मध्ये सरकारने टाकसाळीचं दार लोकांसाठी बंद केलं. आता रुपये फक्त सरकार पाडणार.

त्या वेळी भीमराव दोन वर्षांचे होते. १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार.

टाकसाळ बंद झाल्याने काय बदललं? रुपया कमी पाडल्यामुळे त्याची किंमत वर राहिली, पण चांदी घसरतच राहिली. दोघांची फारकत झाली. छाप सांगायचा सोळा आणे, आतली चांदी भरायची दहा-अकरा आण्यांची. ज्याच्याकडे नाणी होती तो वाचला. ज्याने आपली बचत तोड्या-वाळ्यांत ठेवली होती, त्याला आता तोळ्याला रुपया मिळेना. आणि पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. गुजरात-मारवाडात ज्याला छपनिया म्हणतात तो हा दुसरा. खानदेशही त्यात होरपळला. दुष्काळात गरीब माणूस काय करतो? घरातली चांदी मोडतो. नेमकी तेव्हाच चांदी कवडीमोल.

दुसरं नाणं १९०७ चं, सातव्या एडवर्डचं. या साली भीमराव मॅट्रिक झाले.

सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी साताऱ्याला आणि मग मुंबईत परळच्या चाळीत आलं. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा वर्गात वेगळा बसायचा, पाणी दुसऱ्याने वरून ओतलं तर प्यायचा. हे आपण सगळ्यांनी वाचलंय. त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. भीमरावांना पुस्तकांचं वेड होतं आणि सुभेदारांच्या हातात पेन्शनशिवाय काही नव्हतं. मुलाने नवं पुस्तक मागितलं की ते लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, पैसे उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण टाकायचे. पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचे. पुढचं पुस्तक मागितलं की पुन्हा तोच फेरा.

म्हणजे धातूची किंमत काय असते, ती कोण ठरवतं आणि गरजवंताला किती मिळते, हे त्यांना कुठल्याही कॉलेजात जाण्याआधी घरात कळलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ ला एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. १९१३ मध्ये सुभेदार गेले. त्याच वर्षी महाराजांच्याच मदतीवर, महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. १९१६ ला तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आले. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं, फक्त चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी खिशात होती.

येताना सामान आणि पुस्तकं दुसऱ्या जहाजाने पाठवली होती. ते जहाज पहिल्या महायुद्धात पाणतीराने बुडवलं. पुस्तकं समुद्राच्या तळाशी. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले आणि त्यातूनच पुढे बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च निघाला. तिथे एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी वसतिगृहात राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ते मुंबईला परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून लागले. पगार ४५० रुपये.

१९१८. आमच्या फडक्यातलं तिसरं साल. अकरापैकी सहा नाणी याच सालची होती, पाचव्या जॉर्जची.

हे काही आमच्याच घरचं वैशिष्ट्य नाही. कुठल्याही सराफाला विचारा, १९१६ ते १९२० ची नाणी सगळ्यात जास्त येतात. १९१८ या एका वर्षात मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींनी मिळून ४० कोटींहून जास्त रुपये पाडले. म्हणून ती दुर्मिळ नाहीत आणि म्हणून बुलेट येत नाही. (याउलट १९११ चा रुपया बघा. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि जी लोकांच्या हातात राहिली त्यांना आज संग्राहक चांगला भाव देतात.)

पण एवढे रुपये का पाडले? युद्धामुळे. हिंदुस्थानातून माल, धान्य, ताग, कापड सगळं जात होतं, त्याचे पैसे इथे रुपयात द्यायचे होते आणि लोकांना कागद नको होता, बंदा रुपया हवा होता. वाजवून घेता येणारा. इकडे जगात चांदीची टंचाई. १९१५ मध्ये लंडनच्या बाजारात औंसाला २७ पेन्सच्या आसपास असलेली चांदी ऑगस्ट १९१७ मध्ये ४३ पेन्सला गेली.

हा ४३ चा आकडा लक्षात ठेवा. रुपयाचा सरकारी दर होता एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे १६ पेन्स. चांदी ४३ पेन्सला पोचली की रुपयातल्या चांदीची किंमतही बरोबर १६ पेन्स होते. त्याच्यावर गेली की रुपया खर्च करण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं. जे आज मामा करायला निघाला होता तेच.

लोकांना हे गणित कुणी शिकवावं लागलं नाही. नाणी बाजारातून गायब व्हायला लागली. सरकारने १९१७ मध्येच नाणी वितळवण्यावर आणि चांदी बाहेर नेण्यावर बंदी घातली. नोव्हेंबर १९१७ च्या शेवटी एक रुपयाची कागदी नोट आणली आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिच्यावर चांदीच्या रुपयाचं चित्र छापलं. तरी भागेना. शेवटी १९१८ मध्ये अमेरिकेने आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि २० कोटी औंस चांदी हिंदुस्थान सरकारला विकली. तेव्हा तुमच्या घरात १९१८-१९ चा राजाछाप रुपया असेल, तर त्यात एखाद्या अमेरिकन डॉलरची चांदी असू शकते.

फेब्रुवारी १९२० मध्ये तर चांदी साडेएकोणनव्वद पेन्सवर गेली. म्हणजे १६ पेन्सच्या जुन्या दराच्या रुपयात ३३ पेन्सची चांदी.

हे सगळं घडत असताना आंबेडकर त्याच मुंबईत होते. परळच्या बी. आय. टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी राहत होते आणि दिवसा सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवत होते. तिथल्या काही प्राध्यापकांना त्यांनी स्टाफरूममधल्या माठातलं पाणी पिणं चालत नव्हतं. आणि हा माणूस पगारातले पैसे बाजूला टाकत होता, कारण लंडनची चार वर्षांची मुदत संपत आली होती. जानेवारी १९२० मध्ये शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी मूकनायक सुरू केलं आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठलं. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं ५,००० रुपयांचं कर्ज, एवढी शिदोरी.

आता इथे रुपयाचा प्रश्न पुस्तकातून बाहेर येतो. १९२० च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्या बराच वर होता. वर्षभरात तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली कोसळला. हिशोब करून बघा. दोन शिलिंगांच्या दराने ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. सोळा पेन्सच्या दराने ३३३. कर्ज तेवढंच, फेडायचं तेवढंच, पण लंडनमध्ये पैशांवर जगणाऱ्या विद्यार्थ्याचे १६७ पौंड हवेत गेले. रुपया कुठे जाऊन स्थिरावणार हा प्रश्न त्या काळी लंडनला शिकणाऱ्या प्रत्येक हिंदी मुलाच्या जेवणाच्या ताटाशी जोडलेला होता.

त्यांच्या ताटात तसंही फार नव्हतं. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. ग्रंथालय बंद होईपर्यंत उठायचं नाही.

आणि घरी? घरी रमाबाई होत्या. मुंबईच्या चाळीत, हातात अगदी तुटपुंजे पैसे. त्यांनी अडचण कळवली तेव्हा नोव्हेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून पत्र लिहिलं. माझ्याकडेही पैसे नाहीत, घर चालत नसेल तर दागिने मोड, मी आल्यावर ते परत करून देईन, अशा आशयाचं ते पत्र आहे.

मला हे पत्र वाचताना दरवेळी कसंतरी होतं. कारण याच महिन्यांत ते टेबलावर बसून रुपयाचा छाप आणि रुपयाची चांदी यांच्यातल्या अंतरावर शेकडो पानं लिहित होते. त्यांच्या वडिलांनी मुलीचे दागिने गहाण टाकून त्यांना पुस्तकं आणून दिली. आता ते स्वतः बायकोला दागिने मोडायला सांगत होते, पुन्हा पुस्तकांपायीच. यात रमाबाईंचा वाटा किती, हे त्या प्रबंधाच्या पानांवर कुठे दिसत नाही.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. नाव द प्रॉब्लेम ऑफ द रुपी. परीक्षकांना त्यातली ब्रिटिश धोरणावरची टीका झेपली नाही, त्यांनी काही भाग पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परत यावं लागलं. इथूनच दुरुस्त करून पाठवला आणि त्या वर्षाच्या अखेरीस लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. डिसेंबर १९२३ मध्ये पुस्तक छापून आलं. त्याला त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि गंमत म्हणजे त्यात कॅननसाहेबांनी आपल्याला यातलं सगळं पटलेलं नाही हेही मोकळेपणाने सांगितलंय.

आता त्या पुस्तकात आहे तरी काय?

त्या वेळी जगातला गाजलेला अर्थतज्ज्ञ होता जॉन मेनार्ड केन्स. त्याने १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या चलनावर पुस्तक लिहून इथल्या पद्धतीचं कौतुक केलं होतं. पद्धत अशी की देशात चांदीचे रुपये आणि नोटा चालवायच्या, सोनं लंडनमध्ये ठेवायचं आणि रुपयाचा पौंडाशी असलेला दर सरकारने सांभाळायचा. सोनं वाचतं, काम भागतं.

आंबेडकरांनी थेट यालाच हात घातला. त्यांचं म्हणणं साधं होतं. दहा-अकरा आण्यांच्या चांदीवर सोळा आण्यांचा छाप मारायचा अधिकार एकट्या सरकारकडे असेल, तर प्रत्येक रुपयामागे सरकारला नफा आहे. मग किती रुपये पाडायचे याला लगाम कोण घालणार? रुपये जास्त झाले की भाव वाढणार. सरकार पौंडाशी असलेला दर बघत बसतं, पण मंडईत त्या रुपयाला किती धान्य येतं हे कोण बघतं? त्यांच्या मते चलन चांगलं की वाईट हे या दुसऱ्या गोष्टीवरून ठरवायला हवं.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मोठमोठ्या कमिट्यांनी विचारला नव्हता. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, व्यापाऱ्याला फायदा होतो, असं सगळे सांगत होते. आंबेडकरांनी दाखवलं की हा फायदा आकाशातून पडत नाही. भाव लगेच वाढतात, मजुरी मागून रांगत येते. मधल्या काळात मजुराच्या ताटातून जे कमी होतं, तेच व्यापाऱ्याच्या नफ्यात जमा होतं. हे लिहिणारा माणूस गिरणगावात राहिलेला होता, हे विसरू नका.

त्यांनी सुचवलेला उपायही कडक होता. चांदीचे रुपये पाडणं कायमचं बंद करा, लोकांसाठी बंद आहेच, सरकारसाठीही बंद करा. सोन्याचं नाणं पाडायला टाकसाळ उघडा. दोन्ही चलनात राहू द्या, पण सरकारच्या मर्जीने रुपया वाढता कामा नये.

१९२५ मध्ये हिल्टन यंग आयोग चलनाची चौकशी करायला हिंदुस्थानात आला. १५ डिसेंबर १९२५ रोजी आंबेडकरांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. तेव्हा त्यांचं वय ३४. याच आयोगाने देशात मध्यवर्ती बँक काढण्याची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली.

इथे जरा थांबू. दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या सगळ्यांना एक फॉरवर्ड येतो की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. तसं सरळ म्हणता येत नाही. आयोगासमोर साक्ष देणारे अनेक होते आणि बाबासाहेबांच्या मांडणीचा भर बँक काढण्यापेक्षा रुपये पाडणाऱ्याचे हात बांधण्यावर होता. आयोगाने सोन्याचं नाणं काढण्याची कल्पनाही मान्य केली नाही. पण चलन चालवणाऱ्यावर बंधन हवं, हा आजही चालू असलेला वाद त्यांनी इतक्या लवकर आणि इतक्या ताकदीने मांडला होता. माझ्या मते ही गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा मोठी आहे.

यानंतर बाबासाहेब चलनाच्या वादात फार राहिले नाहीत, राहूच शकले नाहीत. मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पण चांदीने त्यांचा पिच्छा तिथेही सोडला नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला परिषद झाली, मनुस्मृती जाळली गेली, आणि दोन दिवसांनी त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. त्यात ते लुगडं कसं नेसावं इथपासून दागिन्यांपर्यंत बोलले. गळाभर माळा आणि कोपरापर्यंत चांदीचे किंवा कथलाचे दागिने ही तुमची जात ओळखण्याची खूण झालीय, ती टाका, घालायचाच तर सोन्याचा घाला नाहीतर काहीच नको, असं त्यांनी सांगितलं. पुढे १९३६ मध्ये जातिसंस्थेवर लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या भाषणात त्यांनी इंदूरकडच्या बलाई समाजाचं उदाहरण दिलं. तिथल्या गावांत सवर्णांनी फर्मान काढलं होतं की बलाई बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत.

म्हणजे बघा, एका ठिकाणी चांदी घालायला लावून जात दाखवायची, दुसऱ्या ठिकाणी चांदी घालू न देऊन. धातू तोच. बाजारात त्याला तोळ्याचा भाव आहे, पण गावात तो कुणाच्या अंगावर आहे यावर भाव ठरतो. रुपयावरच्या छापाचा अभ्यास केलेल्या माणसाला माणसांवरचा छाप दिसला नसता तरच नवल.

आमच्या खानदेशाशी त्यांचा संबंध कुठे येतो, असं मामाने विचारलं होतं. ३१ जुलै १९३७ ला ते एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते. तेव्हा नंदुरबार आणि रनाळे पश्चिम खानदेश जिल्ह्यातच येत, धुळे हे त्याचं मुख्य ठिकाण. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो थेट १९९८ मध्ये. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात ते थांबले होते. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते आणि नंदुरबारकडूनही लोक जातात.

राहिलं शेवटचं नाणं. १९४४, सहावा जॉर्ज.

हे वाजवलं तर आवाज वेगळा येतो. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुन्हा कमी पडली. या वेळी सरकार १९१८ ची चूक करणार नव्हतं. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. म्हणजे या नाण्यात शुद्ध चांदी फक्त ५.८ ग्रॅम. जुने जास्त चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. लोकांनी अर्थातच सगळे परत केले नाहीत. जे फडक्यात बांधले गेले, तेच आज आपल्या पेट्यांतून निघतात. १९४७ मध्ये रुपया पूर्ण निकेलचा झाला आणि चालत्या नाण्यातली चांदी कायमची गेली. तेव्हा मोडायला जाताना १९४० च्या आधीची आणि नंतरची नाणी वेगवेगळी तोलायला सांगा. एकत्र टाकली तर आपलंच नुकसान.

१९४४ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. मजुरी आणि महागाई हा प्रश्न आता पुस्तकातून त्यांच्या टेबलावर फाईल होऊन आला होता. १९४७ मध्ये त्यांच्या रुपयाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली, तिच्यावर पहिला खंड असं छापलं होतं. दुसरा खंड कधी लिहून झालाच नाही. त्याच वर्षी ते देशाचे पहिले कायदामंत्री झाले आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षही. त्या संविधानात, सातव्या परिशिष्टातल्या केंद्राच्या यादीत ३६ व्या क्रमांकावर चलन आणि नाणी हा विषय आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

६ डिसेंबर २०१५ ला, त्यांच्या १२५ व्या जयंती वर्षात, सरकारने १२५ रुपयांचं एक स्मारक नाणं काढलं. त्यावर बाबासाहेबांचा चेहरा आहे. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी आणि बाकी तांबं, निकेल, जस्त, म्हणजे १९४४ च्या रुपयाचंच मिश्रण. छापाप्रमाणे किंमत १२५ रुपये, आतली शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम. सराफाच्या काट्यावर त्याचं किती होईल, हा हिशोब आता तुम्हीच करा.

मामाने अकरापैकी दहा नाणी मोडली, त्यात मामेभावाच्या कॉलेजची फी भरली. १९०७ चं एक नाणं मी मागून घेतलंय.